किती पैकी?

परीक्षेचा पेपर घेऊन मूल घरी आलं की आई विचारते, "किती मिळाले?" मूल सांगतं, "अठरा." यावर आईचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "किती पैकी?" वीसपैकी अठरा असतील तर पेढे, पन्नासपैकी असतील तर पाठीत धपाटा. शाळेत मराठी आणि इतिहास शिकवण्यात माझी उभी हयात गेली, आणि हा प्रश्न न विचारणारी आई मला भेटली नाही. पण हीच माणसं दुकानात गेली की हा प्रश्न विसरतात. डब्यावर ठळक छापलेला आकडा मुकाट्याने मान्य करतात. मीही केला होता, त्याचीच ही गोष्ट.

आजचा विषय ग्राफिक्स कार्ड. आजीबाईंना हे काय सुचलं असं काहींना वाटेल, पण आमच्या घरात गेले दोन महिने दुसरा विषय नव्हता. नात कल्याणला असते, वास्तुशास्त्र शिकते आणि ब्लेंडर नावाच्या प्रोग्रॅमवर दुर्गाडी किल्ल्याचं प्रतिरूप करते आहे. तिला संगणकात नवीन कार्ड हवं होतं. पैसे माझ्या मुदत ठेवीतले, त्यामुळे माझं मत घेणं आलं. शिवाय तिचा मोठा भाऊ, म्हणजे माझा नातू, या विषयातला जाणकार. त्याचं मत एक, तिचं दुसरं, आणि तिच्या बाबांचं मत, "एवढे पैसे घालवायचेच कशाला?"

नातेवाईक मंडळींसाठी आधी थोडं नमन. संगणकाच्या पडद्यावर जे दिसतं ते बारीक ठिपक्यांचं बनलेलं असतं. साध्या एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. चित्र हलतं दिसायचं तर हे सगळे ठिपके सेकंदाला साठेक वेळा नव्याने रंगवायचे. मुख्य प्रोसेसर म्हणजे एखादा हुशार हेडक्लार्क, कुठलंही अवघड काम करील, पण एका वेळी मोजकीच. ग्राफिक्स कार्डात हजारो साधे मदतनीस असतात. प्रत्येकजण एक छोटी बेरीज-गुणाकार करतो, पण सगळे एकदम करतात. या मदतनीसांना कोअर म्हणतात. त्यांचं सामान ठेवायला कार्डावरच वेगळी मेमरी असते. पत्रं टाइप करायला किंवा फोटो बघायला असं वेगळं कार्ड लागत नाही. खेळ, घरांचे त्रिमिती आराखडे, चित्रपटातली दृश्यं आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता, यांना लागतं.

आता माझी चूक सांगते. २०१४ साल. नातू तेव्हा नववीत होता. मुंजीत आलेल्या पाकिटांचे पैसे त्याने पोस्टात जपून ठेवले होते, त्यात मी थोडी भर घातली आणि आम्ही दोघं निघालो. डोंबिवलीहून फास्ट लोकलने दादर, तिथून पश्चिम रेल्वेच्या स्लो गाडीने ग्रँट रोड आणि मग लॅमिंग्टन रोड. त्या रस्त्याचं नाव दादासाहेब भडकमकर मार्ग होऊन कित्येक वर्षं झाली, पण संगणकाच्या सामानाला जाणारा माणूस अजून लॅमिंग्टन रोडलाच जातो.

दुकानदाराने जवळपास एकाच किंमतीचे दोन डबे पुढे ठेवले. एकावर मोठ्या अक्षरांत ४ जीबी, दुसऱ्यावर २ जीबी. नातू दोन जीबीच्या डब्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होता, त्याची मेमरी वेगळ्या जातीची आहे वगैरे. मी म्हटलं, "अरे, दोनापेक्षा चार मोठे, हे पहिलीतलं मूलसुद्धा सांगेल." दुकानदार हसला. नातू गप्प झाला. चार जीबीचा डबा घेऊन आम्ही परत आलो.

तो त्याबद्दल नंतर एक शब्द बोलला नाही. पुढे काही महिन्यांनी त्याचा मित्र घरी आला होता, तेव्हा आतल्या खोलीतून मला ऐकू आलं, "खेळ अडकतो रे, पण चालतंय. आजीने प्रेमाने घेऊन दिलंय." मुंजीचे पैसे त्याचे होते, निवड माझी होती. दुकानदाराने मला फसवलं नव्हतं. आकडाही खोटा नव्हता, डब्यात खरोखरच चार जीबी होते.

मग काय चुकलं? हे कळायला मला फार उशीर लागला. डोंबिवलीकरांना ते एका वाक्यात कळेल. गच्चीवरची टाकी मोठी होती, पण खाली येणारा नळ बारीक होता. मेमरी किती हे टाकीचं माप. पण त्या मेमरीतून मदतनिसांपर्यंत माल किती वेगाने पोचतो हे नळाचं माप, आणि ते डब्यावर ठळक छापलेलं नसतं. हिशोब सोपा आहे. बसची रुंदी बिटमध्ये घ्यायची, मेमरीच्या वेगाने गुणायची, आठाने भागायचं. रुंदी १२८ बिट आणि साधी डीडीआर-३ मेमरी १.८ गिगाबिटची असेल तर उत्तर येतं सेकंदाला २८.८ जीबी. तीच रुंदी आणि जीडीडीआर-५ मेमरी ५ गिगाबिटची असेल तर ८० जीबी. टाकी निम्मी असली तरी धार जवळपास तिप्पट. नातू दुकानात हेच सांगत होता.

त्यानंतर मी या विषयाकडे जरा लक्ष ठेवून आहे. इंग्रजी माझं बेताचंच, पण आकडे सगळ्या भाषांत सारखे. लक्षात असं आलं की फसायला नुसती मेमरी कशाला, नावच पुरतं. २०१६ साली एनव्हिडियाने जीटीएक्स १०६० नावाचं कार्ड काढलं. एक ६ जीबीचं, एक ३ जीबीचं. कोणालाही वाटेल फरक मेमरीचाच. पण सहावाल्यात १२८० कोअर आणि तीनवाल्यात ११५२. नाव तेच. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०८० अशा एकाच नावाची दोन कार्डं जाहीर झाली, १६ जीबीच्या कार्डात ९७२८ कोअर आणि १२ जीबीच्या कार्डात ७६८०. या वेळी मात्र लोकांनी इतकी ओरड केली की कंपनीने ऑक्टोबरमध्ये लहान कार्ड मागे घेतलं आणि जानेवारी २०२३ मध्ये तेच ४०७० टीआय या नावाने, शंभर डॉलर कमी किंमतीला आणलं. ग्राहकांनी "किती पैकी?" विचारलं की काय होतं, त्याचं हे उदाहरण मला फार आवडतं.

लॅपटॉपची तऱ्हा आणखी निराळी. आरटीएक्स ४०९० हे कार्ड मेजावरच्या संगणकात १६,३८४ कोअरचं, २४ जीबीचं, ४५० वॉट खाणारं. लॅपटॉपमधलं ४०९० हे ९७२८ कोअरचं, १६ जीबीचं, वीज फार तर १५० वॉटच्या आसपास. लॅपटॉपमध्ये एवढी उष्णता मावणार नाही हे मान्य. मग नाव वेगळं ठेवा की! अ तुकडी आणि ब तुकडी यांचा पट एक करून शाळेचा निकाल कोणी लावत नाही.

बरं, कोअर मोजून तरी निकाल लागतो का? तोही नाही. २०१८ च्या आरटीएक्स २०८० टीआय मध्ये ४३५२ कोअर होते, २०२० च्या ३०७० मध्ये ५८८८, म्हणजे पस्तीस टक्के जास्त. काम मात्र दोघांचं जवळपास सारखं. कारण मधल्या पिढीत कोअरची रचना बदलली आणि मोजायची रीतही. एनव्हिडियाचे कोअर आणि एएमडीचे कोअर यांचीही अशी सरळ तुलना होत नाही.

कोणी म्हणेल, मग प्रत्यक्ष परीक्षाच घ्यावी. घेतातही. ठरावीक खेळ किंवा ठरावीक दृश्य कार्डाला द्यायचं आणि गुण काढायचे. पण जिथे परीक्षा आली तिथे कॉपी आली, हे मी कोणाला सांगायला नको. २००१ साली एटीआयच्या रेडिऑन ८५०० या कार्डावर 'क्वेक ३' हा खेळ फार छान पळत होता. कोणीतरी खेळाच्या फाइलचं नाव बदलून 'क्वॅक' केलं, बाकी काही बदललं नाही. वेग खाली आला आणि चित्र मात्र जास्त रेखीव दिसू लागलं! कार्डाचा ड्रायव्हर नाव वाचून ओळखत होता की ही परीक्षा आहे, आणि चित्राचा दर्जा उतरवून वेग दाखवत होता. पुढच्या ड्रायव्हरमध्ये कंपनीने चित्र सुधारलं आणि वेगही राखला, हेही सांगायला हवं. म्हणजे अभ्यास येत होता, तरी कॉपी केली. असे विद्यार्थी मला माहीत आहेत.

दोन वर्षांनी, मे २००३ मध्ये, 'थ्रीडीमार्क ०३' ही परीक्षा घेणाऱ्या फ्युचरमार्क कंपनीने एनव्हिडियाच्या ड्रायव्हरबद्दल असाच आरोप केला. परीक्षेत कॅमेरा ठरलेल्या वाटेनेच फिरतो, तेव्हा वाटेबाहेरचं रंगवायचंच नाही, अशा त्या युक्त्या. त्या बंद करणारी दुरुस्ती लावल्यावर जीफोर्स एफएक्स ५९०० अल्ट्राचे गुण जवळपास २४ टक्क्यांनी उतरले. पुढच्याच महिन्यात दोन्ही कंपन्यांचं संयुक्त निवेदन आलं की याला फसवणूक म्हणू नये. शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीत मिटवलेली प्रकरणं आठवली.

परीक्षा प्रामाणिक असली तरी निकाल वाचता यायला हवा. सेकंदाला सरासरी ६० चित्रं, म्हणजे फ्रेम, असा आकडा देतात. म्हणजे दर फ्रेमला १६.७ मिलीसेकंद. पण समजा, सकाळी तासाला पंधरा लोकल आहेत, म्हणजे सरासरी चार मिनिटांनी एक. त्यातल्या तीन एकामागोमाग एक आल्या आणि मग वीस मिनिटं काहीच नाही, तर सरासरी तीच राहील, पण डोंबिवलीच्या फलाटावर काय होईल ते तुम्हीच सांगा. म्हणून जाणकार मंडळी आता सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा वेगही देतात. वर्गाचा निकाल मीही असाच बघत असे. पहिला आलेला मुलगा माझ्याविना पहिला आला असता. शेवटच्या बाकावरच्या चौघांचं काय झालं, यावर माझं शिकवणं ठरत होतं.

आणि अगदी अलीकडची गंमत. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी मंचावरून सांगितलं की ५४९ डॉलरचं आरटीएक्स ५०७० हे जुन्या ४०९० इतकं काम करील. ५०७० मध्ये कोअर ६१४४ आणि मेमरी १२ जीबी. ४०९० चे आकडे वर दिलेच आहेत. मग हे जमतं कसं? कार्ड एक फ्रेम खरी रंगवतं आणि पुढच्या तीनपर्यंत फ्रेम कृत्रिम बुद्धिमत्तेने अंदाजाने भरतं. डोळ्याला चित्र सुळसुळीत दिसतं, त्यात खोटं नाही. पण बटण दाबल्यावर खेळातला माणूस वळायला लागणारा वेळ त्याने कमी होत नाही. शिवाय १२ जीबीत न मावणारं काम तिथे मावणार नाहीच.

हे सगळं खेळांपुरतं आहे असं वाटत असेल तर आपल्या पुण्याचं उदाहरण घ्या. सी-डॅकचा 'परम सिद्धी एआय' हा महासंगणक नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत ६३वा आला. अभिमान वाटावा अशीच गोष्ट. त्यात प्रत्येकी आठ कार्डांची ४२ यंत्रं, म्हणजे एनव्हिडियाची ए-१०० जातीची ३३६ कार्डं आहेत. नावाला ग्राफिक्स, पण त्यांना पडदा जोडायची सोयसुद्धा नसते. या महासंगणकाची क्षमता २१० एआय पेटाफ्लॉप सांगितली जाते. जागतिक यादीत मात्र त्याच्यापुढे सुमारे ४.६ पेटाफ्लॉप लिहिलेले आहेत. यंत्र तेच, आकड्यांत पंचेचाळीस पट फरक! लबाडी कुठेच नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेला कमी अंकांचं ढोबळ गणित चालतं, ते हा संगणक भराभर करतो. यादीची परीक्षा ६४ बिटांच्या काटेकोर गणिताची असते. विषयच दोन, तर गुण दोन. पण बातमी वाचणाऱ्याला विषय कोणता ते कळलं पाहिजे.

आता घरच्या निर्णयाकडे येते. नातवाचं म्हणणं होतं की जुनं आरटीएक्स ३०९० घ्यावं. २०२० चं कार्ड, पण २४ जीबी मेमरी, सेकंदाला ९३६ जीबी धार. कागदावर खरंच तगडं. नातीचं मन २०२५ मध्ये आलेल्या ५०६० टीआय वर. त्यात दोन प्रकार, ८ जीबी आणि १६ जीबी. या वेळी मात्र नावात फसगत नव्हती. दोन्हींत ४६०८ कोअर, दोन्हींची धार ४४८ जीबी, दोन्ही १८० वॉटची. फरक फक्त टाकीचा आणि काही हजार रुपयांचा. नातीचे बाबा म्हणाले, "मग आठचं घ्या. आई, तुम्हीच तर सांगता, मेमरीच्या आकड्याला भुलू नका."

मी काही बोलले नाही. नातीला विचारलं, "तुझं काम दाखव." तिने दुर्गाडीचं दृश्य उघडून दाखवलं. तट, बुरूज, खाडी, वर दगडांचे मोठमोठे फोटो चिकटवलेले. मित्राकडच्या ८ जीबीच्या कार्डावर तिने ते करून पाहिलं होतं, मावलंच नाही, मेमरी संपल्याचा निरोप आला. ब्लेंडरवाल्यांच्या स्वतःच्या चाचणीत तीन दृश्यं असतात, त्यातल्या एकाचं नावच 'क्लासरूम' आहे, याचं मला उगाच कौतुक वाटलं. पण ती तीन दृश्यं म्हणजे आमची दुर्गाडी नव्हे. तिची प्रश्नपत्रिका वेगळी.

म्हणजे २०१४ मध्ये ज्या आकड्याने मला चकवलं, त्याच आकड्याने या वेळी निकाल दिला. आकडा बदलला नव्हता. त्या वेळी मी काम न विचारता मोठा आकडा उचलला होता, एवढंच.

मग ३०९० का नको? ते ३५० वॉटचं. नातीच्या संगणकातला एसएमपीएस त्याला पुरला नसता, तोही बदलावा लागला असता. शिवाय रोज पाच तास काम धरलं तर १७० वॉटच्या फरकाने दिवसाला ०.८५ युनिट, वर्षात तीनशे दिवस धरले तर २५५ युनिट जास्त. वर मे महिन्यातल्या कल्याणमध्ये, एका खोलीत, ही शेगडी पेटलेली. जुन्या वस्तूला वॉरंटी नाही, आणि पूर्वी ती कोणी किती रगडली आहे ते कळत नाही. काही कामांना २४ जीबीच लागतात, त्यांनी ते घ्यावं. तिच्या दृश्याला सोळा पुरतात.

नातू यावर म्हणाला, "आजी, पण प्रत्येकाला एवढं कुठे बघता येणार? माणसाला शेवटी एक आकडा लागतोच." त्याचं खोटं नाही. आम्हीही सात विषयांची बेरीज करून टक्के काढायचो, कारण अकरावीच्या प्रवेशाला एक आकडा लागायचा. त्या एका आकड्यापायी चांगल्या चित्रकलेच्या मुलांना आम्ही कुठे कुठे लोटलं ते आठवून आजही बरं वाटत नाही. बेरीज करावी, पण गुणपत्रिका फाडून टाकू नये.

म्हणून माझं मत असं. पंख्यावर, फ्रिजवर तारे छापलेले असतात. तसं ग्राफिक्स कार्डाच्या डब्यावर मेमरी किती, तिची जात कोणती, धार किती, कोअर किती आणि वीज किती, हे पाच आकडे सारख्याच मोठ्या अक्षरांत छापणं सक्तीचं करावं. आणि कोअर किंवा धार वेगळी असेल तर नाव वेगळं ठेवावं. हे होईपर्यंत घेणाऱ्याने तीन प्रश्न विचारावेत. माझं काम कोणतं? त्या कामात हे कार्ड कुठे अडेल? आणि हे गुण कोणत्या परीक्षेतले, किती पैकी? दुकानात मुलगा काही सांगू पाहत असेल तर त्याला पुरतं बोलू द्यावं, हा चौथा मुद्दा माझ्यासारख्यांसाठी.

सोळा जीबीचं कार्ड आलं. दुर्गाडी त्यात मावली. एका चित्राला किती मिनिटं लागतात ते नात वहीत टिपून ठेवते आहे, हे मला विशेष आवडलं.

त्या रविवारी नातू ऐरोलीहून आला होता, कार्ड त्यानेच बसवलं. स्क्रू घट्ट करत असताना मी त्याला म्हटलं, "तुझ्या मुंजीच्या पैशांचं मी वाटोळं केलं होतं रे. तू बरोबर होतास." तो मान वर न करता म्हणाला, "आजी, ते कार्ड अजून आहे माझ्याकडे. कपाटात." का ठेवलंय ते त्याने सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

असो. तुमच्याकडेही असे डबे आले असतीलच. जरूर कळवा.